सूपभर जवारीचं पोर

भाटाच्या वहीत उकर्डा माझा थोरला भाऊ आहे. माझ्या बापाच्या नावाखाली दोन पोरं लिहिलेली आहेत, पहिला उकर्डा आणि दुसरा शालिकराम. शालिकराम म्हणजे मी. वही खोटी आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं, लिहवून घेणाऱ्याला ठाऊक होतं आणि पूर्णेच्या काठच्या आमच्या गावातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. पण तीस वर्षं कोणी तोंडातून शब्द काढला नाही. एरवी आमच्या गावात कोणाच्या चुलीवर काय शिजलं ते दुपारच्या आत वेशीवर पोचतं.

उकर्डा होता नत्थुजीकाका आणि गोदाकाकूचा. त्यांचं घर आमच्या घराला लागून, मधे फक्त मातीची एक भिंत. काकूला आधी चार लेकरं झाली आणि चारही गेली, कोणी पाचवीच्या आत, कोणी रांगता रांगता. पाचवं झालं तेव्हा गावातल्या बायांनी तिला सांगितलं की याला तुझं म्हणू नको. मरणाला तुझ्याच घराची वाट सापडली आहे, तर याला घर बदलू दे. ही रीत आमच्याकडे फार जुनी. पोर नेऊन उकिरड्यावर ठेवायचं, मागे न बघता परतायचं. मग ठरलेल्या बाईनं तिथं जायचं, कोणाचं गं हे टाकलेलं लेकरू असं मोठ्यानं म्हणायचं, ते उचलायचं आणि आईच्या ओटीत सूपभर जवारी टाकून त्याला विकत घ्यायचं. ती ठरलेली बाई म्हणजे माझी माय, मैनाबाई.

पोर मग राहतं आईपाशीच. दूधही तिचंच पितं, पण परक्याचं म्हणून. आई त्याला लेक म्हणत नाही आणि ते तिला माय म्हणत नाही. पाच वर्षांचं झालं की त्याच्या भारोभार जवारी देऊन आई त्याला परत घेते, चार सोयरे जेवतात आणि पोर हक्कानं आपल्या घरी येतं. असे उकर्डे न् दगडू वऱ्हाडात गावोगाव आहेत आणि सगळे आपापल्या आईबापाकडे परत गेलेले आहेत. आमचा तेवढा राहिला.

त्याचं असं झालं, की तराजू टांगला होता, जवारी पाखडून ठेवली होती, सोयऱ्यांना आवतण गेलं होतं आणि आदल्या दिवशी उकर्ड्याला देवी आल्या. पोर वाचलं, तोंडभर वण घेऊन. काकूनं तराजू उतरवला तो कायमचा. मी नुसतं 'माहा' म्हणायचं मनात आणलं तं मरण उंबऱ्यापर्यंत येऊन वास घेऊन गेलं, असं ती माझ्या मायला म्हणाली होती. नत्थुजीकाकांनी समजावलं, मायनं समजावलं, पण ऐकेल तर ती गोदाकाकू कसली. पुढे उकर्ड्याचं लग्न झालं तेही आमच्या मांडवात. वर्षभरात त्याची बायको पहिल्याच बाळंतपणात बाळासकट गेली. त्यानंतर काकूपुढे हा विषय काढायची कोणाची छाती झाली नाही.

भाटाच्या वहीचं म्हणाल, तर आमचा भाट देवीदास दर चार-पाच वर्षांनी सुगी आटोपली की तट्टावर बसून यायचा. घराण्याच्या मूळपुरुषापासून नावं म्हणायचा, नवी पोरं लिहून घ्यायचा आणि धोतरजोडी घेऊन पुढच्या गावाला जायचा. उकर्डा मांडीवर होता तेव्हा तो आला. नत्थुजीकाकांनी पोर आमच्या वंशात लिहवलं. मरणाला वाचता येतं की नाही कोणाला माहीत, पण येत असलं तर वहीतही त्याला हे पोर माझ्या नावाखाली सापडू नये, असं त्यांनी भाटाला सांगितलं. भाटानं मान डोलावली आणि लिहिलं. नत्थुजीच्या नावापुढची जागा कोरी राहिली.

मला या सगळ्याचा लहानपणापासून राग यायचा. उकर्डा दिवसभर काकूच्या वावरात राबायचा, काकूच्या चुलीपुढे जेवायचा, काकूच्या ओसरीत झोपायचा, आणि तिला हाक मारायचा 'काकू'. ती त्याच्यावर सगळ्यांत जास्त खेकसायची. मला गूळ द्यायची तो सगळ्यांच्या देखत. त्याच्या ताटात मात्र भाकरीखाली तूप लपवून ठेवायची, म्हणजे बघणाऱ्याला कळू नये. बघणारं कोण, ते ती कधी सांगायची नाही. उकर्डाही असा बेरका, की भाकर उचलली की तुपाकडे न बघता खाऊन टाकायचा. तो मला एकदा म्हणाला होता, की तिनं लेक म्हटलं नाही तरी चालते, तूप तं माहंच हाय.

नत्थुजीकाका गेले तेव्हा अग्नी कोणी द्यायचा असा प्रश्न आला. काकूनं उकर्ड्याला पुढे होऊ दिलं नाही. काकांचा चुलतभाऊ भगवंतराव, आमच्या गावचा पाटील, त्यानं अग्नी दिला. उकर्डा माणसांच्या मागे उभा राहून बापाची चिता बघत होता आणि पुढे आला तो लाकडं सारायला, गावातल्या कोणत्याही गड्यासारखा.

भगवंतरावाला तेव्हा त्या वावराचं काही पडलं नव्हतं. काळी जमीन म्हणजे सारा भरायचं ओझं, असे ते दिवस होते. वडिलांपासून एकत्र असलेली जमीन उकर्डा कसतो आहे तर कसू दे, आपल्याला कटकट नाही, असा त्याचा हिशेब. मग समुद्रापलीकडे कुठल्या तरी मुलखात लोकांची आपसात लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि विलायतेचे दलाल अमरावतीच्या बाजारात आमचा कापूस हातानं कुरवाळू लागले. भांडण कोणाचं आणि चांदी कोणाच्या घरात! ज्यांनी कधी पितळेची वाटी घेतली नव्हती त्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. भगवंतरावानं तर पोळ्याला बैलांवर जरीच्या झुली टाकल्या आणि स्वतःच्या डोक्याचा पटका जुनाच ठेवला. त्याच सुमाराला सरकारचे मोजणीवाले साखळ्या घेऊन बांधाबांधानं फिरू लागले. आता ज्याच्या नावानं वावर मांडलं जाईल त्याचंच ते पुढे पिढ्यान्‌पिढ्या राहणार होतं. भगवंतरावाची झोप उडाली नसती तरच नवल.

त्यानं तहसिलीत अर्ज दिला, की नत्थुजी निपुत्रिक मेला, जमीन एकत्र कुटुंबाची, ती माझ्या एकट्याच्या नावावर मांडावी. भावजयीला मी मरेपर्यंत खाऊ घालीन. उकर्ड्यानं हरकत घेतली, तेव्हा तहसीलदारानं त्याला बोलावून सांगितलं, तू स्वतःला नत्थुजीचा म्हणतोस तर कागद आण, साक्षी आण, कोणाचा कोण ते दाखव.

त्या उन्हाळ्यात मी आणि उकर्डा बैलगाडी जुंपून उकर्ड्याचे पूर्वज शोधत फिरलो. मला थोडंबहुत वाचता यायचं, त्याला अजिबात नाही. परगण्याच्या देशपांड्याकडे मोगलाईतले कागद लाल फडक्यांत बांधून माळ्यावर टाकलेले होते, अर्धे वाळवीनं खाल्लेले. देशपांड्याचा म्हातारा बाप भला माणूस. त्यानं आमच्याबरोबर बसून पानं उलगडली. नदीच्या घाटावरच्या देवळात कोणी पायऱ्या बांधल्या त्याची नावं दगडावर होती, ती मी बोटानं माती काढून वाचली. असं करत करत घराणं जुळत गेलं. मूळपुरुष तुकनाजी, एका दुष्काळात पैनगंगेच्या पलीकडून विधवा मायला खांद्यावर घेऊन आलेला. त्याचा आपाजी, ज्यानं वावरातली विहीर खणली. त्याचा कोंडोजी, ज्याला पेंढाऱ्यांनी झाडाला बांधून मारला पण ज्यानं धान्याचं पेव दाखवलं नाही. त्याचा हैबतजी. त्याचा नत्थुजी.

उकर्ड्याला मी इतका सुखी कधी पाहिला नव्हता. गाडी हाकता हाकता तो नावं घोकायचा, लहान पोरं उजळणी घोकतात तशी. विहिरीवर पाणी प्यायला वाकला की आधी दगडावर हात ठेवायचा. एकदा मला म्हणाला, शालिक, कोंडोजी भेला नाई म्हंते. मी म्हटलं, अरे बाबा, आपण वावराच्या कामासाठी फिरतो आहोत, पुराण ऐकायला नाही. तो हसला. तीस वर्षांच्या माणसाला आजा-पणजा मिळाला होता, त्याला वावराची आठवण कशाला राहते?

शेवटी एलिचपूरच्या वाटेवर देवीदास भाटाच्या गावी गेलो. भाट आता थकला होता. त्यानं वही उघडली, तुकनाजीपासून सुरात म्हणत आला, नत्थुजीवर थांबला आणि वही मिटली. उकर्डा वाट बघत राहिला, पुढचं नाव येईल म्हणून. मग त्याच्या लक्षात आलं. भाट म्हणाला, लिहवणारा बाप गेला, आता वहीत मी माझ्या मनानं अक्षर फिरवू शकत नाही. पण त्याच्या मायनं तहसिलीत एकदा सांगितलं की हा माझा, तर मी शपथेवर सांगीन की रीतीसाठी मी तसं लिहिलं होतं. मायचा एक शब्द पुरे आहे.

मायचा एक शब्द! गावी येताच मी भिंतीला वळसा घालून काकूकडे गेलो. उकर्डा गोठ्यात होता. मी तिला सगळं सांगितलं. कागद आहेत, पूर्वज जुळले आहेत, फक्त तुझा शब्द हवा आहे. ती कापसातली सरकी काढत बसली होती. मान वर न करता म्हणाली, वावर गेलं तं जाऊ दे. मी तापलो. माझा स्वभावच तसा. मी म्हटलं, तीस वर्षं झाली, मरणालाही दुसरी कामं असतील, ते काय तुझ्या दारात कान लावून बसलं आहे?

तेव्हा तिनं मान वर केली. "शालिक, तुले चार लेकरं झाले असते अन् तू चार खड्डे खांदले असते, तं तुले माहीत असतं ते कुठं बसून राह्यते."

चिडायचं होतं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून ते गळून गेलं. तिला वेडी म्हणावं, तर तिचं पोर जिवंत होतं. चार गेली होती ती तिनं स्वतःची म्हटलेली, आणि राहिलं होतं ते न म्हटलेलं. तिच्या जागी कोणाचाही हिशेब असाच झाला असता.

अमरावतीला तारखेच्या दिवशी निम्मं गाव गेलं. भगवंतराव पाटील म्हणून पुढे बसला. तहसीलदार पुण्याकडचा, हळू बोलणारा, नीट ऐकून घेणारा माणूस होता. त्यानं उकर्ड्याला विचारलं, तुझ्या बापाचा बाप कोण? उकर्ड्यानं तुकनाजीपासून नत्थुजीपर्यंत सगळी नावं धडाधड म्हटली आणि शेवटी आपलं नाव जोडलं. कचेरीत कोणी तरी हसलं. तहसीलदार म्हणाला, नावं पाठ केली म्हणून कोणी वंशज होत नाही. त्यात टोचणी नव्हती, पण उकर्ड्याचे कान लाल झाले.

मग मी उभा राहिलो आणि सगळी रीत सांगितली. उकिरडा, सूप, जवारी. तहसीलदारानं मला विचारलं, वहीप्रमाणे हा तुझा थोरला भाऊ, म्हणजे तुझ्या बापाच्या जमिनीत याचा अर्धा वाटा, बरोबर? मी म्हटलं, बरोबर. तो म्हणाला, मग हा दुसऱ्याचा ठरला तर फायदा तुझाच. तेव्हा तुझी साक्ष धरता येत नाही. मला हसावं की रडावं कळेना. गावकऱ्यांना विचारलं तर जो तो पाटलाकडे बघून म्हणाला, वहीत आहे ते आहे. काहीजण पाटलाला भ्याले होते. काहीजण गोदाकाकूच्या पोराचा जीव आपल्या जिभेवर नको म्हणून गप्प होते. त्या दुसऱ्यांना मी अजून दोष देत नाही.

शेवटी काकू पुढे आली. हातात तुळस आणि पाणी दिलं. तहसीलदारानं तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही. त्यानं विचारलं, बाई, इतर कोणी काही म्हणो, आईचा शब्द मी लिहून घेईन आणि त्यावर निकाल देईन. हा तुमचा मुलगा आहे का?

उकर्डा तिच्याकडे बघत होता. तोंडावरच्या वणांतून घाम ओघळत होता. मी शपथेवर सांगतो, त्या घटकेला त्याला वावर नको होतं. त्याला तो एक शब्द हवा होता, आणि सगळ्या गावापुढे हवा होता.

काकू म्हणाली, "मले झाले ते सारे गेले, सायेब. हा मैनाबाईचा हाय."

ती तुळस तिनं इतकी घट्ट धरली होती की कारकुनाला बोटं सोडवावी लागली. निकाल भगवंतरावाच्या बाजूनं झाला. गावातले लोक बाहेर पडताना एकमेकांकडे बघत नव्हते.

परतीच्या वाटेवर काकू गाडीत मागे बसली होती, उकर्डा पायी चालत होता. मी त्याच्याबरोबर उतरलो आणि त्याला सांगू लागलो, की माझ्या वावरात तुझा वाटा आहेच, वहीच तसं म्हणते, आपण दोघं मिळून करू. मी ते मनापासून म्हणत होतो. नांदगाव मागे पडल्यावर त्यानं विचारलं, "खरं सांग शालिक, मी कोनाचा हाय?"

मी म्हटलं, अरे वेड्या, तिचाच. सगळ्यांना ठाऊक आहे. तो म्हणाला, तुळस हातात घेऊन कोणी लेकाला नाही म्हणतं का? शेतासाठी म्हणतात, भांडणात म्हणतात, पण तिला ना शेत मिळालं ना भांडण होतं. मग कशासाठी म्हणाली? मी त्याला सांगितलं कशासाठी. त्यानं ऐकून घेतलं, पण त्याच्या मनात बसलं नाही. तीस वर्षं जे त्यानं खेळासारखं धरलं होतं, ते त्या दिवशी त्याला खरं वाटू लागलं. आणि मी कितीही सांगितलं तरी मी काय, सुपातल्या पोराचा वहीतला भाऊ.

अकोल्याकडून आगगाडीचा रस्ता पुढे सरकत होता आणि मूर्तिजापूरच्या बाजूला मातीकामाला हजारो माणसं लागली होती. उकर्डा तिकडे गेला. निघताना काकूच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, येतो काकू. तिनं भाकरी बांधून दिल्या आणि अंगावर खेकसली, की उन्हाचं डोक्याला फडकं बांधत जा, मुडद्या. तो पाया पडला नाही. ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली, वेशीपर्यंत, आणि मग घरात जाऊन तिनं चार माणसांना पुरेल एवढं पीठ मळलं. कोणासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं. पीठ तसंच वाळलं.

काकू मला महिन्या-महिन्यानं विचारायची, की मैनाबाईच्या पोराचं काही कळलं का. मी सांगायचो, बरा आहे. ती म्हणायची, असंल ना. त्या दोन शब्दांत तिचं समाधान असायचं. तिनं खोटी शपथ घेतली होती, वावर गेलं होतं, भगवंतराव तिच्यापुढे शिळं टाकत होता, पण पोर जिवंत होतं. तिच्या मते सौदा वाईट नव्हता.

मग मूर्तिजापूरकडून परतलेल्या एका गाडीवानानं सांगितलं, की मातीकामाच्या तळावर पटकी लागली आहे आणि तोंडावर वण असलेला तुमचा उकर्डा झोपड्यात पडला आहे. मी गाडी जुंपली तेव्हा काकू आधीच येऊन चाकापाशी उभी होती. तिला घेऊन मी तसाच निघालो.

तळाच्या एका टोकाला आजाऱ्यांसाठी कुडाचं लांब झोपडं उभारलं होतं. दारावर एक पहारेकरी आणि वही घेऊन बसलेला एक कारकून. आत गर्दी नको म्हणून डॉक्टरांचा हुकूम होता, की फक्त रक्ताच्या माणसाला सोडायचं. कारकुनानं मला विचारलं, तू कोण? मी म्हटलं, भाऊ. त्यानं सोडलं. काकूला विचारलं, तू कोण?

काकू म्हणाली, शेजारीण.

कारकून म्हणाला, आई असतीस तर सोडलं असतं, बाई. शेजाऱ्यापाजाऱ्यांना नाही. ती कुडाला टेकून खाली बसली. मी तिथंच तिच्यावर ओरडलो. आता तरी सांग, कोण आहे इथं, कोणाला वावर हवं आहे. तिनं माझं धोतर धरून मला खाली ओढलं आणि कानाशी म्हणाली, "त्याची कुडी आजून लढून राह्यली. आता तोंडातून निघालं तं मीच मरनाच्या हाती देईन त्याले. तू जाय आत."

उकर्डा ओळखू येत नव्हता. डोळे आत गेले होते, आवाज राहिला नव्हता. मी त्याला पाणी पाजलं, ते राहिलं नाही. त्यानं विचारलं, एकटाच आला का? मी म्हटलं, काकू आली आहे, बाहेर बसली आहे. त्याच्या तोंडावर काही तरी उजळलं. मग म्हणाला, आत काहून नाही येत? मला खोटं सुचायला हवं होतं. मी नेमका खरं बोललो. म्हटलं, हे लोक फक्त रक्ताच्या माणसाला सोडतात, भावाला, मायला.

त्यानं नजर छताकडे वळवली. "मंग बरोबर हाय," तो म्हणाला. "माय असती तं आली असती."

त्यात राग नव्हता. तेच मला सोसलं नाही. मी कुडापाशी गेलो आणि फटीतून काकूला ते शब्द जसेच्या तसे सांगितले, तिला लागावं म्हणून सांगितले. मी फटीतून पाहिलं, तर तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि दोन्ही हातांनी दाबून धरला होता. डोळे मात्र उघडे होते. मग बोळा काढून ती कुडाला तोंड लावून बोलली, तिच्या नेहमीच्या खेकसण्यातच बोलली. ए उकर्ड्या, पानी पे ना रे. पडून काय राह्यला, कामं पडले हायेत. ऊठ. तिला वाटत होतं, खेकसलं की अजून कोणाला कळणार नाही.

उकर्ड्यानं तो आवाज ऐकला. मान त्या बाजूला वळवली आणि म्हणाला, काकू, ऊन लागन, सावलीत बैस. बाहेर कुडाच्या त्या बाजूला खरंच ऊन होतं. ती उठली नाही. दुपार कलेपर्यंत ती कुडाच्या त्या बाजूनं पाणी पे, पाणी पे म्हणत राहिली आणि मी या बाजूनं त्याचे पाय चोळत राहिलो. पाय गार पडत वर वर येत होते. मग तो गेला.

मी बाहेर आलो. मला काही सांगावं लागलं नाही. कारकून वही घेऊन उठला आणि कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, याचं कोण आहे? मढं कोण नेणार? भाऊ ना तू? मी तोंड उघडलं, तेवढ्यात काकूनं मला बाजूला सारलं. इतक्या जोरानं, की मी पहारेकऱ्यावर आदळलो.

"माहा हाय," ती म्हणाली. "माह्या पोटचा हाय. लिहा. बाप नत्थुजी, माय गोदा. नाव सहदेव."

मी म्हटलं, काकू, उकर्डा. ती माझ्याकडे वळून म्हणाली, सहदेव. बाराव्या दिवशी ठेवायचं म्हणून मनात काढून ठेवलं होतं. तीस वर्षांत ते नाव तिनं माझ्या मायलाही सांगितलं नव्हतं. कारकुनानं लिहिलं आणि दारातून बाजूला झाला. आतून तिचा आवाज येऊ लागला, लेका, माह्या लेका, माह्या सहदेवा. आजारी माणसं मान वळवून बघत होती. एकदा सुरू झाल्यावर ती थांबेना. सगळं साचलेलं होतं.

मढं गाडीत ठेवलं, ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. कारकून माणूस वाईट नव्हता. बैल जुंपेपर्यंत तो गाडीपाशी येऊन उभा राहिला, जरा घुटमळला आणि म्हणाला, बाई, तुम्ही आईच होता तर सकाळीच का नाही सांगितलं? मी आत सोडलं असतं.

काकूनं मांडीवरच्या पोराच्या तोंडावरचे वण पदरानं पुसले आणि मान वर न करता उत्तर दिलं.

"तवा जित्ता होता ना तो, बाबू."